जनरेटरची पाळी

पाऊसच होता, पण टेकेल तिथे काच होत होता.
सोमवारी तारांवर बोटभर, बुधवारी मनगटाएवढा.
शुक्रवारी शेतामधले विजेचे मनोरे
एकामागून एक गुडघ्यात वाकले,
जेवणानंतर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे.

आम्ही सँ-सेझेरच्या पुढे, चौथ्या रांगेवर.
क्वेबेकमध्ये शेतांमधल्या रस्त्याला रांगच म्हणतात.
रांगेवर पाच गोठे, अडीचशे गाई,
आणि जनरेटर एक,
कुणाच्या तरी मेव्हण्याने ऑन्टॅरिओतून आणलेला.

रात्री मेपल मोडायचे.
आधी बंदुकीचा बार,
मग भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखं काही,
मग काहीच नाही.
आई जपमाळेवर थांबायची.
"हा ओढ्याकाठचा," म्हणायची.
मोडताना झाड ओळखू येतं
हे तिलाही तेव्हाच कळलं असणार.

गाईंना वीज गेल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.
पहाटे पाच, संध्याकाळी पाच,
कास भरायची, सड तट्ट.
साठ गाई एकदम हंबरल्या की
ते कानांनी ऐकू येत नाही,
जमिनीतून पायांत चढतं.
हाताने धार काढणं फक्त आजोबांना येत होतं.
सात गाईंनंतर त्यांची बोटं मिटली ती मिटलीच,
रात्री सूप मी भरवलं.
टँकर येईना, म्हणून दूध बर्फावर ओतायचं.
पांढऱ्यावर पांढरं, वाफ निघेपर्यंतच दिसणारं.
चौथ्या दिवशी मांजरंही फिरकेनाशी झाली.

प्रत्येक गोठ्याला तीन तास, असं ठरलं.
ट्रॅक्टरमागे जनरेटर, या दारातून त्या दारात,
रात्रंदिवस.
वेळ सांगायचं काम माझं,
कारण मी अकरा वर्षांची, आणि मला झोप येत नव्हती,
आणि माझ्याकडे आत्या जिझेलचं चावीचं घड्याळ.

त्या रात्री आमचे तीन तास संपले
तेव्हा बावीस गाई उरल्या होत्या.
दारात आन्सेल्म थिबो. पुढची पाळी त्यांची.
भुवयांवर बर्फ, मागे ट्रॅक्टर धडधडत.
बाबा गाईखालून म्हणाले, मान वर न करता,
"सांग त्यांना, अजून अर्धा तास आहे."
मी सांगितलं.

आन्सेल्मनी डाव्या हाताची बाही चिमटीत धरली.
मागे सारली नाही.
"अर्धा तास," ते म्हणाले,
जसं कुणी दुकानात भाव पुन्हा म्हणून बघतं,
आणि कंदील माझ्या हातून घेऊन
बाबांच्या शेजारी उकिडवे बसले.
बाविसावी गाय होईपर्यंत
दोघं एक शब्द बोलले नाहीत.

त्यांच्या दोन गाईंना दगडी झाली.
एक वाचली.
अर्ध्या तासाने दगडी होत नाही, बाबा म्हणाले,
कुणी न विचारता, जेवताना,
आणि मग पुन्हा एकदा, एप्रिलमध्ये.

आमच्याकडे एकोणतीस दिवस वीज नव्हती.
माझ्या मुलांना सगळं पाठ आहे:
शाळेच्या जिममधल्या खाटा,
तीन दिवस सैनिकांनी रांधलेले वाटाणे,
चुलीभोवती एका गादीवर नऊ जण,
शेजारच्या रेमॉंदने मेणबत्तीवर कुरळे केलेले केस
आणि त्यांचा वास.
धाकटा म्हणतो, मजाच होती की तुमची.
होतीच. मी नाही म्हणत नाही.

वीज आली ती दुपारी, भर उन्हात.
सगळी बटणं चालूच राहिलेली:
रेडिओ मधल्याच वाक्यापासून बोलू लागला,
दूधयंत्र रिकाम्या गोठ्यात फुस्स फुस्स करू लागलं,
आई माजघरात उभी राहून
पेटलेल्या दिव्याला शिव्या देत रडली.
आजोबा म्हणाले, बंद करा, बिल येईल.

समोर, शेतापलीकडे, थिबोंचा गोठा.
तिथला दिवा आमच्यानंतर
किती वेळाने लागला, मला सांगता येणार नाही.
घड्याळाला चावी देणं
मी केव्हाच सोडलं होतं.